प्रतिक्रियेला उत्तर: १७७ चं किट आणि तळाखालचं पॅकिंग

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा झोंबली, दुसऱ्यांदा मात्र कागद-पेन घेऊन बसलो. इतक्या तपशिलाने कुणी चूक दाखवली असेल तर दोन ओळींत बोळवण करणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी व्हेस्पा पीएक्स स्कूटरची ताकद वाढवण्यासाठी सिलिंडर-पिस्टनचं १७७ सीसीचं बिडाचं, सौम्य किट सुचवलं होतं आणि अल्युमिनियमच्या रेस किटपासून नवख्यांनी लांब राहावं असं म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की लेखक घाबरट आहे, बीड जुनाट झालंय, पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) अंशांची आकडेमोड पुस्तकी आहे, ‘निकासिलचा सिलिंडर एकदा ओरखडला की भंगार’ हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे आणि माझा पिस्टन चिकटला तो किटमुळे नव्हे, माझ्याच कर्माने. तुम्ही स्वतः रेस किट बसवलंय. मूळ सायलेन्सर आणि मूळ २० मिमीचा कार्ब्युरेटर तसाच ठेवलाय, सिलिंडरच्या तळाखाली १ मिमीचं पॅकिंग घातलंय आणि गाडी आता ‘वरच्या आरपीएमला सुसाट’ जाते. ‘फक्त चौथा गिअर ओढत नाही,’ असंही जाता जाता लिहिलंय.

त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्याकडे येतोच. आधी माझ्या चुका.

निकासिलबद्दल तुमचं बरोबर आहे, माझं चूक. निकासिल म्हणजे अल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून दिलेल्या निकेलच्या थरात सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण. माहले कंपनीने १९६७ मध्ये वांकेल (फिरत्या रोटरच्या) इंजिनासाठी तो आणला आणि पुढे टू-स्ट्रोकवाल्यांनी उचलला. ओरखडलेला जुना थर काढता येतो, खोल चर वेल्डिंगने भरता येतो आणि पुन्हा थर चढवून हिऱ्याच्या दगडाने होनिंग करता येतं. म्हणजे भंगार नाही. एवढंच, की हे काम कुठल्याही बोअरिंगवाल्याकडे होत नाही, सिलिंडर पाठवून वाट बघावी लागते. बिडाचा सिलिंडर मात्र साध्या लेथवाल्याकडेही रिबोअर होतो (आतून थोडा मोठा कापला जातो), ओव्हरसाइज पिस्टन मिळाला की झालं. मला म्हणायचं होतं ते हे. लिहिलं गेलं भलतंच.

पिस्टनचंही तसंच. लांब सपाट रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने बराच वेळ पळवल्यावर माझं इंजिन जॅम झालं आणि लेखात मी खापर किटवर फोडलं. तुमची प्रतिक्रिया वाचून तो जुना पिस्टन कपाटातून काढला. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला आहेत, चार कोपऱ्यांवर नाहीत. पिस्टनला जागा कमी पडली असती किंवा थंड इंजिन पिळलं असतं, तर चारही कोपऱ्यांवर उभ्या रेघा दिसल्या असत्या. नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे म्हणजे इंजिन फार तापलं होतं, बहुधा मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं छिद्र) मी मूळ जेटपेक्षा जेमतेम एक पायरी वर नेला होता, का तर प्लग ‘छान विटकरी’ दिसत होता. पण तो प्लग गल्लीत फिरून आल्यावर काढलेला! गल्लीत मेन जेटचं कामच नसतं. तेव्हा हा आरोप पूर्ण मान्य.

आता बीड जुनाट की नाही. अल्युमिनियम उष्णता बिडाच्या साधारण तिप्पट वेगाने वाहून नेतं, हे खरं. त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. पिस्टन अल्युमिनियमचा असतो आणि तापला की बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतो. सिलिंडरही अल्युमिनियमचा असला की दोघं बरोबरीने फुगतात, त्यामुळे मधली जागा कमी ठेवता येते. बिडाच्या सिलिंडरमध्ये ती जास्त सोडावी लागते, आणि गाडी सुरू केल्या केल्या पिळली तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागून येतो. म्हणून बिडाच्या किटवर पहिली काही मिनिटं सबुरीने चालवायची. तेव्हा साहित्य म्हणून अल्युमिनियम सरस आहे, वाद नाही.

पण इथेच माझ्या लेखातली खरी चूक आहे आणि ती तुमच्याही नजरेतून सुटली. बीड म्हणजे सौम्य आणि अल्युमिनियम म्हणजे रेस, अशी सरळ फाळणी मी करून टाकली. तसं काही नसतं. डीआरचं १७७ बिडाचं आणि पोलिनीचं १७७ बिडाचं, दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६३ मिमी, पण पोलिनीचा स्वभाव तिखट. उलट पिनास्कोचं अल्युमिनियमचं १७७ खालच्या आरपीएमला शांतपणे ओढण्यासाठीच ओळखलं जातं. सीसीवरूनही स्वभाव कळत नाही. पीएक्सचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५७ मिमी, मूळ १२५ चा बोअर ५२.५ मिमी, म्हणजे १२३ सीसी. ६३ च्या बोअरवर ते १७७ होतात, किट कुणाचंही असो. स्वभाव ठरतो तो पोर्ट किती उंचीवर कापलीत त्यावरून, आणि म्हणूनच त्या ‘पुस्तकी’ अंशांशिवाय गत्यंतर नाही.

क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) ३६० अंशांच्या एका फेरीत धूर बाहेर सोडणारं एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडं आणि ताजं मिश्रण खालून वर आणणारं ट्रान्सफर किती अंश, एवढंच बघायचं. रोजच्या वापराच्या किटात एक्झॉस्ट १६० ते १७० आणि ट्रान्सफर ११० ते १२० च्या आसपास असतं. रेसच्या किटात एक्झॉस्ट १८० च्या पुढे जातं, कधी १९० च्याही, आणि ट्रान्सफर १२५ ते १३० वर. दोन्हींतल्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे ट्रान्सफर उघडण्याआधी जळका धूर बाहेर पडायला मिळणारा वेळ. तो पुरेसा नसेल तर धूर ट्रान्सफरमधून उलटा खाली घुसतो आणि इंजिन वर गुदमरतं.

आता तुमचं पॅकिंग. तुम्ही आकडे दिले नाहीत, म्हणून एक्झॉस्ट १८२ आणि ट्रान्सफर १२६ धरून हिशेब केला. स्ट्रोक ५७, कनेक्टिंग रॉड १०५ मिमी. सिलिंडर १ मिमी वर उचलला की एक्झॉस्ट साधारण ४ अंशांनी वाढतं, पण ट्रान्सफर ५ अंशांहून थोडं जास्त वाढतं, कारण ट्रान्सफर उघडायच्या वेळी पिस्टन तळाजवळ आलेला असतो, त्याचा वेग मंदावलेला असतो आणि तोच १ मिमी कापायला क्रँकला जास्त फिरावं लागतं. म्हणजे दोन्ही पोर्टं जास्त वेळ उघडी, तरी धूर बाहेर जायचा मधला वेळ २८ वरून साडेसत्तावीस अंशांवर आला. हा फरक किरकोळ आहे. पुढचा नाही: हेडही (सिलिंडरवरचं झाकण) १ मिमी वर गेलं. ६३ च्या बोअरवर १ मिमी म्हणजे ३ सीसीहून जास्त मोकळी जागा. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) आधी १० असेल तर ते ८.८ च्या जवळ आलं. खालची ताकद गेली ती इथे, आणि स्क्विशसुद्धा (वर आलेला पिस्टन आणि हेड यांतली फट) १ मिमीने वाढला. (पीएक्सचं इनलेट, म्हणजे मिश्रण आत येण्याचा रस्ता, क्रँकच्या पात्याने उघडतं, म्हणून ते तरी शाबूत राहिलं. लँब्रेटासारखं पिस्टनच्या स्कर्टने, म्हणजे खालच्या कडेने, उघडणारं इनलेट असतं, तर पॅकिंगने त्याचा वेळ उलटा कमी झाला असता.)

आणि या सगळ्यावर मूळ सायलेन्सर. एक्झॉस्ट इतका वेळ उघडं ठेवलं की ताजं मिश्रणही त्यातून निसटतं. ते परत ढकलायला एक्स्पान्शन चेंबरच्या (पोटाशी फुगीर असलेल्या रेसच्या सायलेन्सरच्या) मागच्या शंकूवरून परतणारी दाबाची लाट लागते. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात नेमकं हेच साधलं आणि टू-स्ट्रोकच्या रेसिंगचा नूर पालटला. मूळ सायलेन्सर बनवलाय आवाज दाबायला. रेसच्या पोर्टांना त्या आरपीएमला हवी तशी लाट त्याच्याकडून येत नाही. तुम्हाला जे सुसाट वाटतं ते आधीच्या १२५ च्या मानाने, आणि त्यात नवल नाही, सीसी ४४ टक्क्यांनी वाढलेत. किटाच्या अंगात आहे त्यातलं बरंचसं अजून धुराबरोबर बाहेर जातंय.

मग चौथा गिअर का ओढत नाही? तिसऱ्यातून चौथ्यात टाकलं की आरपीएम साधारण पाव हिश्शाने खाली येतात. तिसऱ्यात ७५०० ला बदललंत तर चौथ्यात ५६०० वर येऊन पडता. तुमच्या पोर्टांना जीव येतो ६००० च्या पुढे. मधल्या ४०० आरपीएमची ती खिंड आहे आणि तीत गाडी धापा टाकत बसते. सौम्य किट ४००० पासून ओढतं, त्यामुळे तिथे ही खिंड लागतच नाही. मी त्याला ‘नवख्यांसाठी’ म्हटलं होतं, तो शब्दही मागे घेतो. चार गिअरच्या गाडीसाठी म्हणायला हवं होतं.

यावर लोक प्रायमरीचे (क्रँककडून गिअरबॉक्सकडे ताकद नेणाऱ्या चाकांच्या जोडीचे) दात बदलतात आणि तिथेही घाई करतात. १२५ ला मूळ २०/६८ असतं, २०० ला २३/६५. सौम्य १७७ मध्ये ताकद खालपासून असते, म्हणून त्याला २२ दातांचं पिनियन (त्या जोडीतलं लहान चाक) बिनधास्त चालतं. तुमच्या किटाला आत्ताच्या अवस्थेत लांब गिअर लावलात तर चौथा नावापुरताच उरेल. आधी एक्झॉस्ट, मग जेट, दात शेवटी.

एका वाचकाने स्वयंचलित ५० सीसीच्या गाड्यांबद्दल विचारलं होतं, त्यांच्यासाठी एवढंच. अशा गाड्यांतल्या मिनारेली इंजिनाचा स्ट्रोक ३९.२ मिमी आहे, ४७ च्या बोअरवर ते ६८ सीसी होतं आणि डब्यावर ७० छापलेलं असतं. तिथे गिअरची खिंड नाही, व्हेरिएटर (गिअरऐवजी पट्ट्यावर आपोआप बदलणारी पुली) इंजिनाला एकाच आरपीएमजवळ धरून ठेवतो, म्हणून तिखट पोर्टं तिथे खपून जातात. व्हेरिएटरमधले रोलर मात्र हलके करावे लागतात.

तुमच्याकडे परत येतो. किट उतरवू नका, चांगलं आहे. पॅकिंग काढा, एक्स्पान्शन चेंबर लावा, मेन जेट मुद्दाम मोठ्यापासून सुरू करून पायरी-पायरीने खाली आणा. प्लग बघायचा तो पूर्ण थ्रॉटलला इग्निशन बंद करून, क्लच दाबून थांबल्यावर. इग्निशनही तपासा. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या २३ अंश आधी पडत असेल तर अशा किटाला ते फार आधी होतं, १८ च्या आसपास आणा. ब्रेक तुमचे तुम्ही बघालच.

पॅकिंग काढल्यावर हेड आवळण्याआधी सोल्डरची मऊ तार पिस्टनवर, पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना ठेवा, हेड बसवून आवळा, इंजिन हाताने एकदा फिरवा आणि चेपलेली तार व्हर्नियरने मोजा. १.२ ते १.५ मिमी आलं तर ठीक. १ च्या खाली गेलं तर बहुधा पॅकिंग तुम्ही त्याच भीतीने घातलं असणार. तसं असेल तर हेडमध्ये कापून घ्या, तळाखाली उचलू नका.

ती तार आणि एक्झॉस्ट पोर्टची सिलिंडरच्या वरच्या काठापासूनची खोली, एवढी दोन मापं मला कळवा. वरचा हिशेब मी अंदाजाच्या १८२ वर केलाय. तुमचा खरा आकडा आला की लेखातला तक्ता दुरुस्त करतो आणि निकासिलचं वाक्यही त्याच वेळी खोडतो.