शेगडी आणि सुटकेस

आमच्या बेळगावच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा गोव्यावरून जुंपली. २०१९ साली गोव्याने कायद्यात बदल करून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या, दारू पिणाऱ्या एकट्यादुकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरवला, तेव्हापासूनचं हे भांडण. काकांचं ठरलेलं वाक्य आलंच, "आम्ही काय फुकट जातोय काय? पेट्रोल घालून जातोय की!" दादाने लगेच लाइकचा अंगठा टाकला.

पूर्वी मीही टाकला असता. आता बार्सिलोनात चौथ्या मजल्यावर राहतो आणि खालची दोन्ही घरं पर्यटकांना भाड्याने दिलेली आहेत. रात्री दीड वाजता सुटकेसची चाकं दगडी जिन्यावर चढू लागतात, पायरीगणिक एक दणका. मग कुणीतरी चुकून आमचीच बेल दाबतं. २०२४ च्या जुलैत इथल्या लोकांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्या मारल्या, तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. वाटलं नाही याचीच नंतर लाज वाटली.

कारण पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आम्हीही तसेच उतरायचो. चोर्ला घाटातून एका क्रूझरमध्ये बारा जण, पायाशी सिलिंडर, मांडीवर पातेलं. आई मसालेभात करायची, मामी वाळूने भांडी घासायची, आणि खरकट्या पत्रावळ्या तिथेच झाडाखाली. गोवेकरांच्या नजरा दिसायच्या. आम्हाला त्या माजोरड्या वाटायच्या.

पण एक गोष्ट बार्सिलोनाच्या महापालिकेला कळली. तिने हात घातला तो घरमालकांच्या धंद्याला. पर्यटकांना घरं भाड्याने देण्याचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर वाढवून द्यायचे नाहीत, असं तिने जाहीर केलं. गोव्यात दंड शेगडीला. शेगडी कोण आणतं? ज्याला बारा माणसांचं हॉटेलचं बिल झेपत नाही तो. टेकडी कापून बंगले विकणारा काही पातेलं घेऊन येत नाही. पत्रावळ्यांचा दंड मी मुकाट भरीन, पण पावती फाडायची सुरुवात त्याच्यापासून व्हावी.

ग्रुपवर हे लिहिलं, तर विषय म्हादईवर गेला. नदी आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि पणजीला मांडवी होऊन पोचते. कर्नाटक-गोव्यातला तिच्या पाण्याचा वाद लवादापर्यंत गेला, २०१८ ला निवाडाही आला. "पाणी आमचं, मग किनारा एकट्या त्यांचा कसा?" इति दादा.

मी काकांना गेल्या पावसाळ्याची आठवण करून दिली. जांबोटीकडच्या त्यांच्या शेतातून पोरं धबधब्याला जायला लागली, बांधावर बाटल्या फुटल्या, तेव्हा त्यांनी पायवाटेवर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं : "ते वेगळं. ते आमचं रान हाय."