पट्टा धुवा, आणि मुलाला आधी पडायला शिकवा

‘जपानी डोजोची सात रहस्यं’ (डोजो म्हणजे सरावाची जागा) नावाचा एक मजकूर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. मागे उगवता सूर्य, पुढे पांढऱ्या दाढीचा म्हातारा, खाली सात मुद्दे. ज्युदोच्या वर्गाला येणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या आजोबांनी तो सरांना पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘आपल्याकडे असं का शिकवत नाहीत?’ आजोबांनी सरळ मनाने विचारलंय, म्हणून उत्तर द्यायचं. सातांतले बरेचसे मुद्दे नुसते खुळचट आहेत, एकदोन अर्धे खरे आहेत आणि एक मुलाच्या जिवावर उठणारा आहे. त्याच्याशी थांबायचंय, त्यामुळे बाकीचे भराभर उरकतो.

‘बोधिधर्माने दक्षिणेतून कलरी चीनला नेली, तिथून ती जपानला गेली, म्हणून कराटे-ज्युदो मुळात आपलेच.’ बोधिधर्म म्हणजे चीनला गेलेला बौद्ध भिक्षू, कलरी ही केरळची युद्धकला. ही कथा ज्या ‘यिजिन जिंग’ या चिनी ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला आहे. त्याला जोडलेल्या जुन्या प्रस्तावना बनावट असल्याचं तांग हाओ या चिनी इतिहासकारानेच गेल्या शतकात दाखवून दिलं. ज्युदोचं तर जन्मस्थळही ठाऊक आहे. १८८२ मध्ये कानो जिगोरो या एकवीस वर्षांच्या तरुणाने तोक्योतल्या एइशो-जी देवळात बारा तातामींच्या (गवती चटयांच्या) खोलीत तो शिकवायला सुरुवात केली. पाया होता तेन्जिन शिन्यो-र्‍यू आणि कितो-र्‍यू या जुजुत्सूच्या, म्हणजे जुन्या जपानी झटापटीच्या विद्येच्या, दोन घराण्यांचा. कराटे ओकिनावाचं. त्यावर चीनच्या फुजियान प्रांताची छाप आहे, हे मान्य. त्याचं नावही पूर्वी ‘चिनी हात’ या अर्थाच्या अक्षरांनी लिहीत, ‘रिकामा हात’ ही अक्षरं नंतर आली. पण फुजियान म्हणजे केरळ नव्हे.

‘काळा पट्टा मिळाला की माणूस गुरू होतो.’ काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला शोदान म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ पहिली पायरी. पहिलीचं पुस्तक हातात आलं, एवढंच. ‘ब्लॅक बेल्ट असेल तर पोलिसात हातांची नोंद करावी लागते.’ जपानात नाही, भारतातही नाही. कोणत्या ठाण्यात जाऊन हात दाखवायचे, हेही लिहायचं होतं.

आता पट्ट्याची ती लाडकी गोष्ट. ‘पूर्वी एकच पांढरा पट्टा असे. तो कधीच धूत नसत. घाम, माती, रक्त मुरत मुरत तो वर्षांनी काळा होई. म्हणून आजही पट्टा धुऊ नये, धुतला की त्यातली विद्या जाते.’ एक पांढरी सुती पट्टी घेऊन पाच वर्षं घामात भिजवून पाहा. ती पिवळट, मग मळकट राखाडी होईल. काळी होणार नाही, कुजेल मात्र आधी. काळा पट्टा ही कानो यांच्याच शाळेची सोय होती. १८८०च्या दशकात दान (म्हणजे वरची श्रेणी) मिळालेले आणि न मिळालेले विद्यार्थी ओळखू यावेत म्हणून तो आला. त्याआधीच्या घराण्यांत परवान्याच्या गुंडाळ्या देत, पट्टे नव्हेत. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगांची शिडी रूढ झाली ती युरोपात, आणि त्यात १९३५ मध्ये पॅरिसला गेलेल्या कावाइशी मिकिनोसुके यांचा मोठा वाटा. एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल : जुना काळा पट्टा खरोखर पांढरा होत जातो. गाठीपाशी घासून वरचं काळं कापड झिजतं आणि आतला पांढरा भराव दिसू लागतो. बहुधा कुणीतरी ते उलटं ऐकलं असावं.

हे हसून सोडलं असतं, पण ‘धुऊ नये’ म्हणजे आजाराला आमंत्रण. कुस्ती-ज्युदोत कातडीला कातडी लागते. २०००नंतर जपानच्या ज्युदो क्लबांत ट्रायकोफायटन टॉन्सुरान्स नावाची गजकर्णाची बुरशी इतकी पसरली, की त्वचारोगतज्ज्ञांना त्यात खास लक्ष घालावं लागलं. तेव्हा गी (ज्युदोचा पोशाख) प्रत्येक वर्गानंतर धुवायची, पट्टाही धुवायचा. पाणी थंडच हवं, कारण गरम पाण्याने सुती गी आखडते आणि बाह्या मनगटापासून वर सरकतात. सावलीत वाळत घालायची, पण पूर्ण वाळवायची. नखं कापलेली हवीत. चपला मॅटच्या कडेपर्यंत, संडासला जाताना त्याच चपला पायात. विद्या धुतली जात नाही, बुरशी जाते.

‘तंत्र असेल तर हलका माणूस भारी माणसाला नेहमी फेकतो.’ यातला ‘नेहमी’ काढला तर वाक्य चालेल. कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं. तो मोडल्यावर थोडी ताकद पुरते, हे खरंच. पण तंत्र भारी माणसालाही येऊ शकतं ना! जवळपास दोन मीटर उंचीचा डच खेळाडू आंतोन खेसिंक १९६१ मध्ये पॅरिसला विश्वविजेता झाला. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये त्याने खुल्या (वजनाची अट नसलेल्या) गटाच्या अंतिम फेरीत कामिनागा आकिओ यांना त्यांच्याच देशात हरवलं. त्याच ऑलिंपिकला ६८ किलो, ८० किलो आणि ८० किलोंवरचा असे वजनगट होते. चाळीस किलोंच्या मुलीला सत्तर किलोंच्या मुलाशी ‘तंत्राने हरव’ म्हणून उभं करणारा शिक्षक ज्युदो शिकवत नाहीये.

आता मुख्य मुद्दा. तो जसाच्या तसा देतो : ‘जपानी गुरू मुलाला पडायला शिकवत नाहीत, थेट फेकतात. पहिल्याच आठवड्यात शंभर वेळा फेकलं की भीती कायमची जाते. डोकं आपटलं तर गार पाणी मारून परत उभं करतात. टेंगूळ नसेल तर काही झालेलं नसतं.’

असं शिकवणारे लोक जपानात होते. त्याचं काय झालं, हेही जपाननेच मोजलंय. नागोया विद्यापीठाचे उचिदा र्‍यो यांनी शालेय अपघातांच्या नोंदी तपासल्या. १९८३ ते २०११ या काळात माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांच्या ज्युदोत ११८ मुलं दगावली होती. मोठा भाग डोक्याच्या दुखापतींचा, आणि दगावलेल्यांत नुकतीच सुरुवात केलेली पहिल्या वर्षाची मुलं जास्त. २०१२ च्या एप्रिलपासून माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे ज्युदोसारख्या जपानी युद्धकलांचा विषय, सक्तीचा होणार होता, म्हणून हे आकडे गाजले, शिक्षकांना नव्या सूचना गेल्या, आणि पुढची तीन वर्षं शाळांत ज्युदोमुळे एकही मृत्यू झाला नाही. तोच खेळ, तेच डाव. बदलली ती शिकवण्याची रीत.

मेंदूला इजा व्हायला डोकं जमिनीवर आपटलंच पाहिजे असं नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीत नाही. मूल मागे वेगाने पडतं तेव्हा मान झटक्याने वळते. कवटी थांबते, आतला मेंदू क्षणभर पुढे जात राहतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्या ताणाने तुटतात आणि रक्त साचू लागतं. बाहेर टेंगूळ नाही, खरचटलेलंही नाही. मूल ‘बरं आहे’ म्हणून उठतं, थोड्या वेळाने डोकं दुखतं, ओकारी होते, मग झोप येते. तेव्हा ‘झोपू दे, दमलाय’ म्हणणं घातक. डोक्याला झटका बसल्यावर डोकेदुखी, उलटी, गोंधळ, सुस्ती यांतलं काहीही दिसलं तर सीटी स्कॅन होणारं रुग्णालय गाठायचं. आणि काही दिसलं नाही तरी त्या दिवशी मॅटवर परत यायचं नाही. आधीचा मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर तो लहान असला तरी भारी पडतो. गार पाणी मारून उभं करणं म्हणजे नेमकी या दुसऱ्या माराला संधी देणं.

पडायला शिकवणं म्हणजे उकेमी, आणि ती पायरीपायरीने येते. आधी पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवलेले, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. हात शरीरापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली, आणि खांद्याजवळपासून बोटांपर्यंत अख्खा हात एकाच वेळी मॅटवर आपटायचा. हे जमलं की बसून मागे, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. त्यानंतर कुशीवर पडणं, पुढे पडणं आणि शेवटी कोलांटी, जी हाताच्या कडेवरून खांद्यावर, तिथून पाठीवर तिरकी जाऊन विरुद्ध कमरेवर संपते. डोकं मॅटला कुठेच लागत नाही. आठवड्याला दोन वर्ग धरले तर यात दीड-दोन महिने जातात. मूल कंटाळतं, पालक त्याहून जास्त कंटाळतात.

चुका ठरलेल्या आहेत. हनुवटी सुटली की डोकं मागे जातं. त्यावर साधा उपाय, हनुवटीखाली घडी केलेला रुमाल दाबायला द्यायचा, रुमाल पडला की परत पहिल्यापासून. हात खांद्यापेक्षा वर गेले तर खांदा उचलला जातो. पडताना मागे हात टेकवला तर मनगट किंवा गळपट्टीचं हाड जातं. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर आले तर घोट्यावर घोटा आपटतो. श्वास रोखला तर पाठ दगडासारखी पडते, म्हणून पडताना सोडायचा.

अर्धी जबाबदारी फेकणाऱ्याची असते, हे तर फॉरवर्डमध्ये नावालाही नाही. तोरीने (फेकणाऱ्याने) उकेची (पडणाऱ्याची) बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, उलट उके जमिनीकडे जाताना ती वर ओढायची, म्हणजे डोकं आणि खांदा वर राहतो. नवशिक्याच्या हातून बाही सुटते, किंवा तो स्वतःच वर कोसळतो. ओसोतो-गारीत, म्हणजे बाहेरून पाय काढून मागे पाडायच्या डावात, हे सगळ्यात वाईट, कारण उके सरळ मागे जातो आणि त्याच्या डोक्याला पडायला सगळ्यात लांबचा पल्ला मिळतो. ओसोतो-गारी कोदोकानच्या (कानो यांच्या शाळेच्या) डावांच्या पहिल्याच गटात आहे, हे जुने शिक्षक सांगतात आणि ते बरोबर आहे. पण यादीतला क्रम म्हणजे वेळापत्रक नव्हे. सुरुवात गुडघ्यावर बसलेल्या जोडीदारापासून करता येते, मग हिझा-गुरुमा (गुडघ्याचा डाव), उकी-गोशी (कमरेचा डाव), आणि मागे पडणं पक्कं झाल्यावर ओसोतो-गारी, तोही आधी जाड क्रॅश मॅटवर.

‘सरावात पाणी प्यायलं की मन कमकुवत होतं.’ ही सवय जपानी शाळांच्या क्लबांत खरोखर होती, ते नाकारत नाही. होती, आणि सोडली. जाड सुती गीमध्ये घाम वाळत नाही, पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये तर नाहीच. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी.

तेव्हा आजोबा, वर्ग बघायला जरूर या. मॅट बघा : फेकाफेकीला ४ सेंमीची ज्युदोची मॅट लागते, कराटेची २ सेंमीची कोड्यासारखी जोडायची फोम मॅट फरशीवर टाकून भागत नाही. मॅटच्या सांध्यांत फट आहे का बघा, तिथे पायाचं बोट अडकतं. फेकल्यानंतर तोरीच्या हातात बाही आहे का बघा. आणि नात घरी येऊन डोकं दुखतंय म्हणाली, तर सकाळची वाट न बघता आधी तिला दवाखान्यात न्या, फोन मग करा.