‘या वयातही’ म्हणजे काय हो?

सकाळपासून डोकं सणकलंय. आईने दोनदा विचारून झालं, पोट बिघडलं का म्हणून. पोट ठणठणीत आहे.

रविवार म्हणजे आमची रामबागेतली चौकडी पोहे खायला राजवाड्याकडे. आज पोह्यांवर जिरावण मसाला पडतोय तोच ‘दशावतार’चा विषय निघाला. एकाने थिएटरात पाहिलेला, आम्ही दोघांनी घरी टीव्हीवर. इंदुरात मराठी सिनेमा येतो कधी आणि उतरतो कधी, ते तिकीटखिडकीवाल्यालाही कळत नसावं. चौथ्याने पाहिलाच नव्हता, पण मत त्याचंच सगळ्यात मोठं होतं, ते असो. तर आमच्यातला एक, चांगला वाचणारा, नाटकांना न चुकता येणारा माणूस, जलेबी मोडता मोडता म्हणाला, “भिया, प्रभावळकर या वयातही काय काम करून राहिलाय!”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चमचा खाली ठेवला.

(पुण्यामुंबईच्या मंडळींनो, ‘करून राहिलाय’ला हसू नका. आमचं मराठी असंच आहे, आणि ते आम्ही शंभर वर्षं हिंदीच्या मधोमध बसून सांभाळलंय.)

‘या वयातही’. हे कौतुक झालं? शेजारचे आजोबा धाप न लागता दोन जिने चढले की आपण जे म्हणतो ते हे वाक्य. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४चा, ‘दशावतार’ सप्टेंबर २०२५मध्ये आला, म्हणजे ८१ वर्षांचे. मान्य. पण तुम्ही काम बघायला बसलात की जन्मदाखला तपासायला?

आता मामाचं सांगतो. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी परत ऐका.

आईचा धाकटा भाऊ आमच्याच घरी असायचा. जन्मापासून बुद्धी लहान मुलाची. लोक त्याला काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. १९९१मध्ये ‘चौकट राजा’ आला, पण आमच्यापर्यंत तो पोचला पुण्याच्या काकाने कॅसेट आणली तेव्हा, वर्षभराने. व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणला. अर्धं घर घाबरलेलं, मामाला काय वाटेल? त्याला झोपवून मग लावावा, असंही ठरत होतं. आई म्हणाली, बसू दे त्याला.

मामा बसला. अगदी पडद्याला नाक लावून. प्रभावळकरांचा नंदू आला, तोही मामासारखाच लहान मुलाच्या बुद्धीचा, आणि मामाचं सगळं अंग शांत झालं. एरवी त्याचा पाय सतत हलायचा, तो थांबला. सिनेमा संपल्यावर त्याने त्याच्या रात्रीच्या दोन पार्ले-जींपैकी एक व्हीसीआरवर ठेवलं. नंदूसाठी. सकाळी व्हीसीआर न्यायला आलेल्या पोराने ते सहज उचलून तोंडात टाकलं, आणि मग मामाने जे घर डोक्यावर घेतलं ते गल्लीने ऐकलं.

तेव्हा प्रभावळकर ४७ वर्षांचे होते. तेव्हा कोणी म्हणालं का, ‘या वयातही’ काय छान काम केलंय? मग आज का?

आणि गंमत बघा. या माणसाने म्हातारे केले ते म्हातारा व्हायच्या कितीतरी आधी. ‘हसवाफसवी’त सहा माणसं एकटा करायचा, त्यातला थकलेला संगीत नट आठवा. तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा सुरू झाले २००१मध्ये, तेव्हा ५७. आपल्या सगळ्यांना ते जन्मापासून आजोबाच वाटायचे ना? वय आधी अंगावर चढवलं, मग खरोखर आलं. हे उलटं गणित कोणी मांडत नाही.

माझ्या मित्राचं म्हणणं असं की ‘दशावतार’मध्ये ते म्हातारेच आहेत, म्हातारेच दिसतात, त्यात सोंग कसलं? अरे, इथेच तर सगळी मेख आहे. त्यातल्या त्यांच्या बाबुली मेस्त्रीची नजर अधू होत चाललीय. ऐंशी उलटलेल्या नटाने अधू नजर दाखवली की आपण म्हणतो, असेलच. पण बाबुलीचं म्हातारपण प्रभावळकरांचं नाहीये. कोकणातल्या, रात्र रात्र दशावतारात नाचलेल्या माणसाचं आहे ते. त्याच्या खांद्यांत, मानेत आयुष्यभराचा मुकुट बसलेला आहे. स्वतःचं म्हातारपण बाजूला ठेवून दुसऱ्याचं म्हातारपण अंगावर घ्यायचं! करून दाखवा. तरुण नटाला म्हातारा करायला मेकअपवाला असतो. म्हाताऱ्या नटाला वेगळा म्हातारा करायला कोण आहे?

उत्तरार्ध ताणलाय, हे मान्य. पुढे काय होणार ते आधी कळतं, हेही मान्य. झालं समाधान?

तोच मित्र ‘छावा’ बघून आला होता तेव्हा तीन रविवार विकी कौशलच्या मेहनतीवर बोलला. मेहनत आहे, मी नाही कुठे म्हणतोय. पण तेव्हा ‘या तरुण वयातही’ असं नव्हता म्हणाला!

परत मामा. ‘झपाटलेला’ची कॅसेट आली १९९४च्या सुमारास. आम्ही पोरं गाढव. प्रभावळकरांचा खलनायक तात्या विंचू पडद्यावर आल्या आल्या मामाला सांगितलं, “मामा, हाच तुझा नंदू बरं का.” मामा उठला, टीव्ही बंद केला आणि म्हणाला, “हा नाही.” दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या लेखी मी खोटारडा ठरलो होतो.

मी कितीतरी परीक्षणं वाचली, पण ‘हा नाही’च्या तोडीचं मला अजून सापडलेलं नाही. ज्या माणसाला खोटं बोलणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, त्याने दोन वेळा बघून दोन वेगळी माणसं आहेत असं सांगितलं.

आणि इथे माझा मुद्दा जरा लंगडा होतो, पण लिहायला घेतलंय तर पुरतं लिहितो. २००६, ‘लगे रहो मुन्नाभाई’. आम्ही सगळे थिएटरात गेलो, मामाला घेऊन. लायब्ररीत प्रभावळकरांचे गांधीजी दिसले, आणि अंधारात मामा मोठ्याने ओरडला, “नंदू!” पुढच्या रांगा वळून हसल्या. आईने त्याचा हात धरला. मला स्वतःला, त्यांचे चिमणराव आणि टिपरे टीव्हीवर बघितलेल्याला, दोन मिनिटं लागली होती ओळखायला. त्या कामाला ‘शेवरी’सोबत राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो भाग वेगळा. पण मामाला कसं कळलं? तात्या विंचूत जो सापडला नाही, तो गांधीजींत कसा सापडला? घरी आल्यावर खोदून खोदून विचारलं. “नंदूच आहे,” एवढंच. नंतर मी तो सिनेमा चार वेळा पाहिला, फक्त तेवढ्यासाठी. मला नाही दिसत.

मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली. ‘दशावतार’ लावला तेव्हा आई शेजारी होती. बाबुली पडद्यावर आला तशी ती उठून आत गेली आणि चहा करून आली. चहाची वेळ नव्हती.

हे इथवर टाइप केलं आणि राग थोडा उतरला. दुसरंही एक आठवलं, लपवत नाही. गेल्या होळीला मीच आईला म्हणालो होतो, “आई, या वयातही पुरणपोळी काय मऊ होते गं तुझी!” तिने लाटणं न थांबवता विचारलं, “का, आधी काय पापड लाटत होते?” तेव्हा मी हसलो होतो. आज पोह्यांवरून तणतणत परत येताना, कृष्णपुरा पुलावर सिग्नलला थांबलो आणि तेच वाक्य कानात आलं. म्हणजे मीही त्यातलाच.

आणखी एक. त्या मित्राचे वडील ८४चे आहेत, दीड वर्ष अंथरुणावर. चमच्याने भरवावं लागतं, तो स्वतः भरवतो, सकाळ-संध्याकाळ. रविवारचे पोहे हा त्याचा आठवड्यातला बाहेरचा एकमेव तास. तो पडद्यावर बाबुलीला उभं राहिलेलं बघतो तेव्हा त्याला काय दिसत असेल, याचा मी सकाळी विचार केला नाही. चमचा आपटून मोकळा झालो.

तर भिया, वाचून राहिला असशील तर ऐक. तुझं वाक्य मागे घेऊ नकोस. फक्त त्यातला ‘ही’ काढ. ‘या वयात काय काम करून राहिलाय’ म्हण, मी सही करतो. पुढच्या रविवारी पोहे माझ्याकडून.

आजच्या जलेबीचे चाळीस रुपये मात्र तू द्यायचे आहेस.