रोपवन हे पीकच, पण त्याखालची जमीन रिकामी नसते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लाकडाच्या लागवडीतही जैवविविधता आणि स्थानिकांचे हक्क जपावेत, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लाकडासाठीची लागवड हे पीक आहे, त्यात जैवविविधता शोधणं म्हणजे कंपन्यांना हिरवा मुलामा चढवून देणं. त्यापेक्षा तिथून भरपूर लाकूड काढावं आणि खरं जंगल दुसरीकडे राखावं. स्थानिकांची संमती हाही तुमच्या मते कागदी सोपस्कार.

ते पीक आहे, हे मान्यच. एका वयाची, एका जातीची निलगिरी म्हणजे जंगल नव्हे. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) 2020 च्या अहवालात अशी सघन लागवड 13.1 कोटी हेक्टर भरते आणि ती ‘वनक्षेत्रा’तच मोजली जाते. मलाही ते खटकतं.

पण ‘दुसरीकडे राखावं’ म्हणजे कुठे? उत्पादन वाढलं म्हणून जंगल आपोआप वाचत नाही. धंदा फायद्याचा ठरला की लागवड आणखी पसरते. इंडोनेशियात सुमात्रातल्या रिआऊ प्रांतात कागदाच्या लगद्यासाठी अकेशियाची झाडं लावायला पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदलीत चर खणून जंगलं साफ झाली. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगत तर मूळ जंगल तुकड्यातुकड्यांतच उरलंय. तिथल्या कायद्यानुसार मालकाने 20 टक्के जमीन मूळ वनस्पतींसाठी राखायची आणि 10 मीटरपेक्षा अरुंद ओढ्याच्या दोन्ही काठांना 30 मीटर पट्टा सोडायचा. निलगिरीच्या रांगांमधून जाणारे हे पट्टेच त्या तुकड्यांना जोडू शकतात.

दक्षिण आफ्रिकेत उलटं आहे. तिथे लागवड गवताळ माळांवर झाली, त्यामुळे जैवविविधता राखणं म्हणजे काही ठिकाणी झाडं काढणं. (वृक्षारोपणाच्या फोटोंवर खूश होणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं.) 1998 च्या जल कायद्याने तिथे व्यापारी लागवडीला नदी-ओढ्यांचा प्रवाह घटवणारी कृती ठरवलं आणि परवाना लागू केला. सेंट लुसिया सरोवराकाठची पाईनची लागवड तर काढूनच टाकली.

मुलाम्याबद्दल तुमचा संशय अगदीच चुकीचा नाही. एफएससी ही जंगल आणि लाकडाला जबाबदार व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था; तिच्या नियमात किमान 10 टक्के क्षेत्र संवर्धनासाठी राखायचं असतं. पण तेवढ्या क्षेत्रात, जिथे रोप लावताच येत नाही असे खडक आणि कडे दाखवले, तर आकडा भरतो आणि ओढा कोरडाच राहतो. म्हणून मी टक्केवारीपेक्षा नकाशाची तारीख आधी बघतो: पट्टे रोपं लावण्याआधी आखले की नंतर?

संमतीचंही तसंच. 2007 च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती म्हटलंय. त्यातलं ‘पूर्व’, म्हणजे काम सुरू होण्याआधी, हे सोयीस्करपणे गळतं. चिलीत 1974 च्या 701 क्रमांकाच्या हुकुमाने लागवडीला अनुदान दिलं, आणि तिथले मापुचे हे आदिवासी लोक आपली म्हणतात त्या जमिनींवरही पाईन-निलगिरी उभी राहिली. तो तंटा अजून मिटलेला नाही.

आणि जैवविविधतेच्या नावाखालीही लोकांवर अन्याय होतो, हे तुमच्या प्रतिक्रियेत आलेलं नाही. चराईची जमीन लागवडीत जाते. उरतो ओढ्याकाठचा पट्टा. सरपण, औषधी पाला, झऱ्याचं पाणी, पूर्वजांची स्थानं, सगळं तिथेच. मग कंपनी तो ‘संवर्धन क्षेत्र’ म्हणून कुंपणाने बंद करते. म्हणजे जमीन दोनदा गेली. पट्ट्यात काय घ्यायचं, किती घ्यायचं, कधी थांबायचं हे ठरवताना ही माणसं नसतील, तर तो पट्टा चोरूनच वापरला जाणार आणि खराबही होणार.

अशा लागवडीचं लाकूड घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. 2020 नंतर जंगल तोडून केलेली असेल तर नाही. 1994 ते 2020 दरम्यान जंगल तोडलेल्यांना मात्र नुकसान भरून देण्याच्या अटीवर एफएससीने आता प्रमाणपत्राचं दार उघडलंय. ती भरपाई नेमकी कोणाला मिळाली हे गावात जाऊन तपासलं जाईपर्यंत या सवलतीवर माझाही विश्वास नाही.