हार्ड डिस्क ‘गुड’ दाखवते म्हणून दुसरी प्रत नको? फिरत असलेल्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे सोलापुरातील व्यापारी, लेखापाल, लग्नाची छायाचित्रे काढणारे आणि यंत्रमाग कारखानदार यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. ‘डेटा जाण्याची भीती कायमची संपवा’ असा त्याचा मथळा आहे. त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत: डिस्कचे आरोग्य दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा चालवावे आणि निळ्या चौकटीत ‘गुड’ दिसले तर वेगळी प्रत ठेवण्याचा खर्च करू नये, पिवळी चौकट दिसली तर डिस्क फॉरमॅट करावी, म्हणजे ती नव्यासारखी होते, डिस्क उष्णतेने जाते, म्हणून तिचे तापमान ४० अंशांखाली ठेवले की पुरे, एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भाग नसल्यामुळे तिला तपासणीची गरज नाही, आणि इतके करूनही डिस्क बंद पडलीच, तर कोणताही दुरुस्ती करणारा डेटा काढून देतो.

संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीपासून नवी पेठेतील दुकानांपर्यंत सगळीकडच्या बंद पडलेल्या डिस्क माझ्या टेबलावर येतात. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा असे मी मानतो, कारण डिस्कवर लक्ष ठेवा हा त्याचा मूळ सल्ला योग्य आहे आणि तो मीही प्रत्येकाला देतो. परंतु त्या सल्ल्याला जोडलेली ही पाचही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांतले पहिले तर अनेक वर्षांचे काम एका दुपारी घालवू शकेल इतके घातक आहे.

प्रथम ‘गुड’ हा शेरा कोण देतो ते पाहू. साधारण १९९०च्या दशकाच्या मध्यापासून हार्ड डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची व्यवस्था असते. डिस्क स्वतःच्या कामाची नोंद ठेवते: किती तास चालली, किती सेक्टर (डेटा साठवण्याचे लहान कप्पे) निकामी झाल्याने राखीव जागेत हलवावे लागले, किती सेक्टर वाचता येत नसल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत आहेत, वगैरे. अशा प्रत्येक नोंदीचा एक कच्चा आकडा असतो, त्यावरून कंपनीच्या सूत्राने काढलेला एक गुणांक असतो आणि त्या गुणांकासाठी कंपनीनेच ठरवलेली एक किमान मर्यादा असते. गुणांक त्या मर्यादेपर्यंत घसरल्याशिवाय डिस्क स्वतःला नापास करीत नाही, आणि बहुतेक कंपन्यांनी ही मर्यादा इतकी खाली ठेवलेली असते की शेकडो सेक्टर निकामी होऊनही डिस्क स्वतःच्या हिशेबाने उत्तीर्णच राहू शकते. विंडोजमध्ये आज्ञा देऊन डिस्कची स्थिती विचारली की जे ‘ओके’ उत्तर मिळते, ते याच ढोबळ निकालावर आधारलेले असते. संदेशात सांगितलेल्या प्रकारचे, क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे मोफत सॉफ्टवेअर याहून कडक आहे. काही नेमक्या नोंदींचा कच्चा आकडा शून्याहून वर गेला की ते पिवळी चौकट दाखवते. म्हणून ते वापरावे, यात वाद नाही.

वाद आहे तो निळ्या चौकटीच्या अर्थाविषयी. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील दोन निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. पहिला असा की, वाचनाच्या तपासणीत एखाद्या डिस्कची पहिली चूक नोंदली गेली, तर पुढील ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते. म्हणजे इशारा मिळाला तर तो अत्यंत मोलाचा असतो. दुसरा निष्कर्ष असा की, बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी सर्वांत भरवशाच्या चार नोंदींपैकी एकीतही काहीच दाखवले नव्हते. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या साठवण केंद्रांतील डिस्कची आकडेवारी नियमितपणे खुली करते; तिने २०१६ मध्ये तपासलेल्या पाच नोंदींच्या आधारे हे प्रमाण २३.३ टक्के निघाले. दोन्ही ठिकाणच्या डिस्क आणि निवडलेल्या नोंदी वेगळ्या होत्या, त्यामुळे आकड्यांत फरक आहे; परंतु कोणताही आकडा धरला तरी पूर्वसूचना न देता बंद पडणाऱ्या डिस्क थोड्या नाहीत. विजेच्या झटक्याने सर्किट बोर्ड जळणे, मोटर अडकणे, डिस्क टेबलावरून पडणे, यांची पूर्वसूचना सेक्टर मोजून मिळणार तरी कशी? आणि चुकून पुसलेली फाइल, चोरीला गेलेला लॅपटॉप किंवा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस यांतले काहीही ‘स्मार्ट’च्या कक्षेत येत नाही. डिस्क पूर्ण निरोगी असते आणि डेटा मात्र गेलेला असतो.

महिन्यातून एकदा तपासणे हेही अपुरे आहे. धोक्याचा काळ ६० दिवसांचा असेल, तर त्यातला निम्मा पुढच्या तपासणीची वाट पाहण्यातच निघून जाऊ शकतो. हे सॉफ्टवेअर संगणक सुरू होताच आपोआप चालू राहील आणि बदल दिसताच सूचना देईल अशी सोय त्यातच आहे, ती सुरू करावी. लिनक्सवर हेच काम स्मार्टमॉनटूल्स करते. त्याखेरीज पूर्ण पृष्ठभाग वाचून पाहणारी ‘लाँग टेस्ट’ अधूनमधून रात्री लावून ठेवावी. तिला काही तास लागतात, पण ज्या फायली वर्षभर कोणी उघडल्याच नाहीत त्यांच्या खालचे सेक्टर तिच्यामुळेच तपासले जातात.

आकडे वाचताना पाहायच्या नोंदी मोजक्याच आहेत. क्रमांक ५ म्हणजे हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे प्रतीक्षेतील सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर आणि १८७ म्हणजे संगणकाला कळवलेल्या, न सुधारलेल्या चुका. यांतला कोणताही कच्चा आकडा शून्यावरून हलला आणि पुढे वाढत राहिला, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. क्रमांक १९९ वाढत असेल तर मात्र आधी केबल बदलून पाहावी. त्या नोंदीत दोष बहुधा डिस्कचा नसतो, आणि केवळ सैल केबलपायी चांगली डिस्क टाकून दिलेली मी पाहिली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे कच्चे आकडे मुळात दहाऐवजी सोळावर आधारलेल्या पद्धतीने दाखवते, त्यामुळे तेथे दिसणारे १० म्हणजे प्रत्यक्षात १६ असतात. सेटिंग बदलून ते नेहमीच्या पद्धतीने पाहता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये पहिल्या क्रमांकाच्या नोंदीत प्रचंड आकडा दिसला तरी घाबरू नये, कारण तो आकडा केवळ चुकांचा नसतो. बाहेरून जोडायची डिस्क ज्यांत बसवतात त्या यूएसबीच्या काही पेट्या तर या नोंदी संगणकापर्यंत पोहोचूच देत नाहीत. अशा वेळी यादीत डिस्क दिसत नाही, आणि न दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे.

आता फॉरमॅटविषयी. हे विधान मला विशेष खटकले, कारण त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्व भागातील एका चादर कारखान्याच्या संगणकावर प्रतीक्षेतील सेक्टर ८ दिसत होते. कारखानदारांनी जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) सारी डिझाइन पेन ड्राइव्हवर घेतली, संदेशात सांगितल्याप्रमाणे डिस्क पूर्ण फॉरमॅट केली आणि पुन्हा तपासले, तेव्हा पिवळी चौकट खरोखरच निळी झाली होती. डिझाइन परत डिस्कवर टाकली गेली आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या कामासाठी रिकामा केला गेला. तीन आठवड्यांनी डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला.

चौकट निळी होण्यात चमत्कार नव्हता. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क त्याला लगेच निकामी ठरवत नाही. त्यावर पुन्हा काही लिहिले जाईपर्यंत ती थांबते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिली जातात. त्या लिखाणाच्या वेळी सेक्टर टिकला तर तो प्रतीक्षा यादीतून निघतो, नाही टिकला तर त्याच्या जागी राखीव सेक्टर येतो. दोन्ही प्रकारे प्रतीक्षेचा आकडा शून्य होतो, पण ज्या कारणाने तो सेक्टर वाचता आला नव्हता, मग ते झिजलेले हेड (डेटा वाचणारे-लिहिणारे टोक) असो की पृष्ठभागावरचा ओरखडा, ते कारण जागच्या जागी राहते. फॉरमॅटने इशारा पुसला गेला आणि इशाऱ्यावर विसंबून असलेला माणूस निश्चिंत झाला. क्विक फॉरमॅट तर एवढेही करीत नाही. तो फक्त फायलींची नवी अनुक्रमणिका मांडतो. पिवळी चौकट दिसली की क्रम असा असावा: आधी सर्वांत महत्त्वाच्या फायली दुसरीकडे घ्याव्यात, मग उरलेल्या घ्याव्यात, आणि मग डिस्क बदलावी. प्रत घेण्याआधी चेकडिस्क या विंडोजमधील साधनाची पृष्ठभाग-तपासणी चालवण्याचा मोहही टाळावा, कारण तासन्‌तास चालणारी ती धडपड थकलेल्या डिस्कला शेवटचा धक्का देऊ शकते.

उष्णतेबाबत थोडक्यात सांगतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या आसपास जातो आणि चालू डिस्क नेहमीच खोलीपेक्षा गरम असते, त्यामुळे वातानुकूलनाशिवाय ४० अंशांची अट येथे पाळताच येणार नाही. तशी गरजही नाही: बहुतेक डिस्कची कामाची मर्यादा ६० अंशांपर्यंत असते, आणि गूगलच्या त्याच अभ्यासात मध्यम तापमानाच्या पट्ट्यात उष्णतेचा आणि बिघाडाचा ठळक संबंध आढळला नाही, तो अगदी वरच्या तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्ये दिसला. यंत्रमागाच्या शेडमध्ये कॅबिनेटचा पंखा सुती तंतूंनी गच्च भरतो, तो दर पंधरवड्याला साफ करावा, संगणक यूपीएसवर ठेवावा, आणि तापमान सतत ५५ अंशांच्या वर राहू लागले तर कारण शोधावे. याहून अधिक काळजी तापमानाची करण्यात अर्थ नाही.

एसएसडीत फिरणारा भाग नसतो, हे खरे आहे. त्यामुळे ती धक्के अधिक सोसते. परंतु तिच्या पेशी लिहिण्याने झिजतात, आणि तिचा कारभार पाहणारी चिप व त्या चिपमधील फर्मवेअर, म्हणजे तिच्यातच बसवलेले सॉफ्टवेअर, बिघडले, तर ती कोणताही आवाज न करता एका क्षणी दिसेनाशी होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही एसएसडींबद्दल स्वतःच जाहीर केले की, फर्मवेअरमधील दोषामुळे त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यांतील डेटा परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या चार एसएसडी एकमेकींची प्रत म्हणून ठेवल्या असत्या, तर त्या चारही जवळपास एकाच वेळी गेल्या असत्या. अशा एसएसडीत नवे फर्मवेअर वेळेत टाकणे हाच उपाय होता, आणि चालू तासांची नोंद पाहणाऱ्यालाच ती वेळ कळणार होती. एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीत वापरलेल्या आयुष्याची टक्केवारी, उरलेली राखीव जागा आणि न सुधारलेल्या चुका या तीन नोंदी पाहाव्यात. एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात ठेवून तिला संग्रह समजू नये, कारण विजेविना पेशींतील प्रभार हळूहळू गळतो आणि उष्ण जागी तो अधिक लवकर गळतो.

राहिले शेवटचे विधान. डेटा काढून देणे कधी शक्य असते, कधी नसते. पुसलेल्या फायली फिरत्या डिस्कवरून पुष्कळदा मिळतात. एसएसडीवर ट्रिम ही, कोणता भाग पुसला ते कळवणारी आज्ञा चालू असल्यास तो भाग एसएसडी स्वतःच रिकामा करून टाकते. टकटक आवाज करणारी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडावी लागते, कारण तिचे हेड पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते आणि आपल्या हवेतील धुळीचा एक कण त्याहून कित्येक पट मोठा असतो. तशी सोय माझ्या दुकानात नाही. अशी डिस्क आली की मी ती चालू न करता योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगतो. तेथील खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या अनेक पटींनी असतो आणि यशाची हमी तेथेही मिळत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम मी प्रत्येक ग्राहकाला लिहून देतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. ही रीत आपल्या गावाला परकी नाही. जुन्या चादर कारखान्यांत नक्षी आधी आलेख कागदावर उतरवली जाई आणि मग पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडून मागावर चढे; कार्ड झिजले, तर कागदावरून नवे पाडता येई. ज्या कारखान्याची डिस्क टकटक करू लागली होती, तेथे नेमके हेच कामी आले. प्रयोगशाळेतून ती डिस्क काहीही हाती न लागता परत आली. जुन्या नक्षींची कार्डे माळ्यावर दोरीत ओवलेली होती, त्यांवरून कारखानदारांनी एकेक डिझाइन पुन्हा संगणकावर बसवून घेतले. गेल्या सहा वर्षांत केवळ संगणकावरच तयार झालेल्या नक्षी मात्र त्यांना परत मिळाल्या नाहीत.