दादा, पडवीतली कमान परत बसव
व्हॉट्सॲपवर फिरणारा तो निरोप काल माझ्या मामेभावानेच मला पाठवला: 'मागच्या टायरात पाणी भरा, डबल चाकं लावा, मग कितीही उतार असू दे, ट्रॅक्टर उलटणार नाही. डोक्यावरची कमान काढून टाका, बागेत नुसती अडते. उतारावर न्यूट्रल करा, डिझेल वाचवा.' दादाने लांज्याच्या बागेतल्या ट्रॅक्टरची कमान, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी चौकट, सोडवून पडवीत टेकवूनही ठेवली आहे. आता गप्प बसवत नाही.

पाण्याचं खरं आहे, नाकारत नाही. टायर पाऊण भरला की १३.६-२८ च्या एका टायरात साधारण २०० लिटर मावतं. दोन चाकांत मिळून ४०० किलो, तेही खालच्या अंगाला. डबल चाकांनी आडव्या उतारावर आधार वाढतो, हेही कबूल.

पण 'कितीही उतार' कुठून काढलं? पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून कलताना ट्रॅक्टरला आधार मागची दोन चाकं आणि ती पिन, एवढ्या त्रिकोणाचाच. वरच्या चाकाखाली जांभ्याचा एक चिरा आला तरी हिशेब बिघडतो. आणि आपल्या टप्प्यांच्या बागेत बाहेरचं चाक थेट गडग्याच्या काठावर जातं. टप्पा जेवढा उंच, निदान तेवढं अंतर काठापासून सोडायला हवं.

न्यूट्रलबद्दल काय बोलायचं! ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर.

खरा घात कमानीच्या सल्ल्यात आहे. चढावर ट्रॅक्टर मागे उलटतो, तिथे रुंदी काय कामाची? मागे वजन, चाकाची पकड घट्ट, ओझं खालच्या हुकाऐवजी वर टॉपलिंकला (अवजार जोडायच्या मागच्या वरच्या दांड्याला) बांधलेलं आणि क्लच झटकन सोडला, की चाक जागीच राहतं आणि पुढचा भाग वर उठतो. पाऊण सेकंदात तो अशा जागी पोचतो, की क्लच दाबूनही उपयोग नाही. गेल्या पावसात आमच्या घाटीत काजूचा ओंडका ओढताना पुढची दोन्ही चाकं हातभर उचललेली मी पाहिली. मागचं चाक लाल चिखलात सरकलं म्हणून चालवणारा वाचला. पाणी भरलेलं असतं तर ते कदाचित सरकलंही नसतं.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली. तिथे लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला उलटून होणारे मृत्यू १९५७ मध्ये १७ होते, ते १९९० पर्यंत ०.३ वर आले. ट्रॅक्टर त्यानंतरही उलटत होते, पण खाली माणूस चिरडत नव्हता.

काजूच्या खालच्या फांद्या कमानीला अडतात, हे मान्य. त्यासाठी दुमडणारी कमान मिळते. झाडाखाली दुमडायची, बाहेर आलं की उभी करायची. आणि कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधायचाच, नाहीतर माणूस फेकला जाऊन तिच्याखालीच सापडतो.

दादा, बोल्ट हरवले असतील तर मापाचे घेऊन मी रविवारी येतो. तोवर ट्रॅक्टर अंगणातच राहू दे.