बोटीत केळं चालत नाही

काल रात्री आमच्या मासेमारीच्या गाईडने आपल्या पेजवर फोटो टाकला. मधोमध मेहुणा, दोन्ही हात कॅमेऱ्याकडे ताणून दोन क्रॅपी (गोड्या पाण्यातले मासे) धरलेले, म्हणजे ते दुप्पट मोठे दिसावेत (ही युक्तीपण गाईडचीच), शेजारी गाईड दात काढतोय, आणि उजव्या कडेला एक निळं कोपर. ते कोपर माझं. ट्रिपचे चारशेच्या वर डॉलर, त्यातले निम्मे मी भरलेत, आणि फोटोत मी कोपरापुरता. खाली लिहिलंय, ‘एका पाहुण्याने केळी आणली होती, तरी देवाच्या कृपेने दिवस चांगला गेला.’ माझ्या बायकोनेसुद्धा लाइक ठोकलंय.

थोडक्यात सांगतो. मेहुण्याने ट्रक घेतल्यापासून तो फार टेक्सन झालाय. ‘भाऊजी, शनिवारी लेक फोर्क, क्रॅपीचा गाईड बुक केलाय, लायसन्स काढून ठेवा’ असा मेसेज आला, म्हणजे विचारलं नव्हतं, कळवलं होतं. लेक फोर्क म्हणजे डॅलसच्या पूर्वेला, सबाइन नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर 1980 मध्ये धरण पूर्ण करून केलेला मोठा तलाव, बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. लहानपणी तापीच्या काठी कणकेची गोळी लावून गळ टाकत बसायचो, तेवढाच माझा अनुभव, त्यात गाईड वगैरे नव्हता आणि बहुतेक वेळा मासाही नव्हता.

पहाटे बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर मिट्ट अंधार, बोचरं उत्तरेचं वारं. पिशवी घेऊन बोटीत पाय टाकणार तेवढ्यात गाईडच्या कपाळावरच्या टॉर्चचा झोत पिशवीवर पडला आणि तिथेच थांबला.

‘बडी, त्यात काय आहे?’

‘नाश्ता.’

‘ते पिवळं काय आहे?’

‘केळी.’

माणूस एक पाऊल मागे सरकला. सहा फुटी, दाढीवाला, कमरेला चाकू, आणि केळ्याला बघून मागे सरकला. मग माझ्याशी न बोलता मेहुण्याला म्हणाला, ‘याला सांगितलं नव्हतंस?’ आणि मेहुणा म्हणतो, ‘सॉरी, कॅप्टन.’ याच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला चौरंगाला केळीचे खुंट मी बांधलेत, आणि हा माझ्या वतीने केळ्याची माफी मागतोय!

तर इथल्या मासे पकडणाऱ्यांत हा जुना समज आहे म्हणे, बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही. का, तर ज्याचं त्याचं कारण वेगळं. आमच्या गाईडचं कारण असं की पूर्वी केळ्यांची जहाजं माल पिकायच्या आत पोचायला एवढी जोरात जायची की मागे गळ सोडून काही उपयोग नसायचा, शिवाय घडांत विषारी कोळी असायचे. मी म्हणलं, अरे पण हे तळं आहे, समुद्र इथून चार-पाच तासांवर आहे. तर म्हणाला, माशांना ते माहीत नाही. केळ्याचं नाव असलेलं सनस्क्रीनसुद्धा तो बोटीत येऊ देत नाही. डिसेंबरात पहाटे सनस्क्रीन कोण लावतंय, पण नियम सांगून टाकला.

आता मी रावेर तालुक्यातला. घरची केळीची बाग, त्या बागेवर माझं शिक्षण झालं, जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हा मी इथे ऑफिसात पेढे वाटले होते. केळ्याला अपशकुनी म्हणणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला, आणि त्याला मी पैसे देत होतो. मी त्याला सगळं समजावलं, प्रसादाचा शिरा, त्यात केळं, पूजेला पाच फळांत केळं, नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात पण केळ्याला कुणी नाव ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याने टोपी काढून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बडी, तुझ्या धर्माचा मी आदर करतो. केळी ट्रकमध्ये.’

ठेवली ट्रकमध्ये.

मग मासेमारी. मला वाटलेलं की गळ टाकायचा, वाट बघायची, गप्पा मारायच्या. तसलं काही नाही. बोटीच्या पुढच्या टोकाला हा स्क्रीन लावून उभा, लाइव्ह सोनार, पाण्याखालचं झाड न् झाड आणि मासा न् मासा हलताना दिसतो, ट्रोलिंग मोटर जीपीएसवर बोट जागच्या जागी धरून ठेवते, आणि माझ्या हातात लांबलचक काठी. ‘सोड. सोड. थांब. एक फूट वर. हलवू नकोस. तो बघतोय. तो येतोय. हलवू नको म्हणलं ना! उचल!’ अगदी पूजेला बसलेल्या यजमानासारखी गत, भटजी सांगणार पळीभर पाणी सोडा, अक्षता वाहा, आपण वाहायच्या, आणि पुण्य आपल्या नावावर. क्रॅपीला म्हणे खालून वर बघून खायची सवय, म्हणून आमिष त्याच्या डोक्याच्या वरच पाहिजे. आणि तोंडाचं कातडं इतकं पातळ की झटका दिला की फाटतं आणि मासा जातो. माझे गेले. प्रत्येक वेळी गाईड स्क्रीनकडे बघत हळहळायचा, ‘चांगला होता तो’, जणू मी त्याच्या घरातलं कुणी घालवलं.

मध्येच म्हणाला, फोनचं लोकेशन बंद कर. का? तर इथे तळाशी त्याने स्वतः झाडं बुडवून ठेवलीत, ख्रिसमसनंतर लोक टाकून देतात ती गोळा करून दगड बांधून सोडायची, मासे तिथे घोळका करतात, आणि ती जागा कुणाला कळता कामा नये. अरे बाबा, माझ्याकडे बोट नाही, अपार्टमेंटला एकच पार्किंग आहे, मी तुझ्या झाडांचा पत्ता घेऊन करू काय? तरी मी वळलो की तो स्क्रीनवर टोपी धरायचा. मेहुणा वळला की नाही धरायचा. मेहुण्याकडे ट्रक आहे ना.

आणि मग मासे लागायचे थांबले. बराच वेळ काही नाही. स्क्रीनवर दिसतायत, आमिषाजवळ येतायत, बघतायत, जातायत. गाईड गप्प. मग सावकाश मागे वळला आणि माझ्या जॅकेटच्या खिशाकडे बघायला लागला, कारण मी वेफर्स खात होतो. जळगावचे, मावशीने पाठवलेले. पाकिटावर केळ्याचं चित्र, केळ्याला हातपाय, डोळ्यांवर गॉगल.

‘बडी.’

‘हे केळं नाहीये,’ मी म्हणलं, ‘हे कच्चं केळं आहे. याची भाजी होते.’

‘मोठं झाल्यावर ते काय होतं?’

मी गप्प.

‘केळं होतं,’ मेहुणा म्हणाला. मेहुणा!

‘पण हे तळलेलं आहे.’

‘म्हणजे तू एका केळ्याचे पन्नास तुकडे करून आणलेस. पन्नास, बडी!’

पाण्यात टाकता येत नाही, कचरा होतो. खाऊन टाकतो म्हणलं तर म्हणे, मग ते तुझ्या पोटातून बोटीतच राहणार. शेवटी त्याने आमच्या पैशाच्या वेळात, आमच्या पैशाच्या पेट्रोलवर बोट रॅम्पला नेली, पाकीट दोन बोटांत धरून ट्रकमध्ये ठेवून आला, आणि परत त्याच झाडापाशी आणलं. आणि लगेच मासे लागायला लागले. इथे माझं डोकं फिरलं. तेवढ्यात वारं पडलं होतं, पाणी निवलं होतं, कुठल्याही शहाण्या माणसाला कारण दिसत होतं, पण त्या बोटीत शहाणा माणूस मी एकटाच होतो. प्रत्येक माशाला दोघं माझ्याकडे बघून मान हलवायचे.

त्यात तिथला नियम असा की लेक फोर्कला 1 डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर जो क्रॅपी लागेल तो ठेवायचाच, केवढाही असो, परत सोडायचा नाही. एरवी दहा इंचांखालचा सोडावा लागतो, पण थंडीत ते खोल पाण्यात असतात, वर ओढले की आतली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी मरतो, म्हणून दिवसाचे पंचवीस होईपर्यंत सगळे आत टाका. नियम बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. पण माझा पहिला मासा सुपारीच्या अडकित्त्याहून लहान निघाला आणि नियमामुळे तो जपून ठेवावा लागला, आणि गाईड तो उचलून येणाऱ्याजाणाऱ्या बोटींना दाखवत होता.

त्यावर तो बॅरी सेंट क्लेअरची गोष्ट सांगायला लागला. 1992 च्या जानेवारीत हा माणूस इथेच क्रॅपीसाठी मिनो म्हणजे आमिषाचा चिमुकला मासा लावून 42 फूट खोल गळ सोडून बसला होता आणि लागला 18.18 पौंडांचा बास जातीचा मासा, सव्वाआठ किलो, आजही टेक्ससचा रेकॉर्ड. गोष्ट खरी आहे आणि मला आवडलीही, पण शेवटी म्हणाला, ‘आणि त्याच्याकडे केळं नव्हतं.’ हे तुला कसं माहीत? तू होतास का तिथे? पण मी बोललो नाही, हात गारठले होते.

दुपारी रॅम्पवर परत. गाईड इलेक्ट्रिक चाकूने भराभर फिले काढतोय, खरंच हात फार सुंदर चालतो माणसाचा, ते मान्य. मध्येच थांबला, ग्लोव्ह काढला, ट्रकमधून माझं पाकीट आणलं आणि वेफर्स खायला लागला. खाता खाता म्हणाला, ‘हे फार भारी आहेत, बडी.’ मी नुसता बघत राहिलो. ‘जमिनीवर चालतं,’ म्हणाला. पाकीट संपवलं. टिप वेगळी, ती मेहुण्याने परस्पर वीस टक्के दिली आणि निम्मी मला मागितली.

घरी आलो तर बायको दारात. ‘मार्गशीर्ष चालूये, कळतं का?’ आमच्याकडे अख्खा महिना पाळतात, नुसते गुरुवार नाही. तिला सांगितलं की टेक्सस सरकारचा नियम आहे, परत सोडता येत नाहीत. ती म्हणाली, मग सरकारच्या फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धा तास वाद घालून सगळ्यात खालच्या खणात, आमरसाच्या डब्यांपासून लांब, दोन पिशव्यांत गुंडाळून जागा मिळाली. मेहुण्याचा वाटापण आमच्याकडेच आहे, कारण त्याच्या बायकोने तो जिन्यातूनच परत पाठवला. आणि आज त्याचा फोन, ‘भाऊजी, मोठे सगळे माझे होते, ते वेगळे ठेवलेत ना?’ कातडी काढलेल्या, काटे काढलेल्या, एकमेकांना चिकटून गोठलेल्या तुकड्यांत त्याचा कुठला आणि माझा कुठला हे मी आता काय सोनार लावून बघू?